काठ सरकतो, फड सरकतो. मुलाची शाळा कुठे?

*ऊसतोडीसाठी आणि उजनीच्या मासेमारीसाठी बारामती-इंदापुरात मुक्कामाला येणाऱ्या कुटुंबांबरोबर शाळेच्या वयाची मुलेही येतात. वर्षाच्या मधेच त्यांना प्रवेश मिळतो का? दाखला लागतोच का? कायदा बाजूने असूनही ही मुले वर्गाबाहेर का राहतात? समजून घेऊ.*

दिवाळी आटोपली की बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या रस्त्यांवर संसार लादलेले ट्रॅक्टर दिसू लागतात. भांडी, पांघरुणे, पाण्याचे ड्रम, एखादी शेळी आणि या सगळ्यावर बसलेली मुले. बीड, अहिल्यानगर, जालना अशा जिल्ह्यांतून हे मजूर येतात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा, शेटफळगढ्याचा बारामती ॲग्रो अशा कारखान्यांचे गाळप सुरू झाले की ऊसतोडीच्या टोळ्या फडाशेजारी कोप्या घालतात आणि मार्चपर्यंत तिथेच राहतात.

मुक्कामाला येणारा दुसरा प्रवाह कमी दिसतो. तो उजनी जलाशयाच्या काठावर उतरतो. भिगवण, कुंभारगाव, डाळज, पळसदेव, कळाशी, गंगावळण या पट्ट्यात मासेमारीवर जगणाऱ्या वस्त्या आहेत. त्यांतली काही कुटुंबे कित्येक वर्षांपासून इथलीच झाली आहेत, काही हंगामापुरती येतात. कोकणातल्या किनारी जिल्ह्यांतून आलेली कातकरी कुटुंबेही त्यांत असतात. समुद्र नसला तरी इथले जगणे किनाऱ्याचेच आहे: होडी, जाळे, पहाटेचा बाजार आणि पाण्याच्या भरवशावर चालणारी चूल.

दोन्ही प्रवाहांतल्या पालकांपुढे प्रश्न एकच असतो. मूल बरोबर आणले, आता त्याच्या शाळेचे काय?

उजनीचा काठ एका जागी का राहत नाही?

भीमा नदीवरचे उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाले. धरणाची भिंत सोलापूर जिल्ह्यात, पण फुगवट्याचे पाणी इंदापूर, दौंड, करमाळा आणि कर्जत तालुक्यांपर्यंत पसरलेले. एकूण साठा सुमारे 117 टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. ज्या गावांच्या काळ्या जमिनी पाण्याखाली गेल्या, ती गावे वर सरकली आणि नव्या गावठाणांत वसली. म्हणजे या काठावरची जुनी माणसेही एका अर्थी स्थलांतरितच आहेत. आपली शाळा, देऊळ आणि चावडी मागे सोडून ती इथे आली.

पावसाळ्यानंतर धरण भरले की पाणी वस्तीच्या उंबऱ्याशी येते. उन्हाळ्यात ते मैलोन्‌मैल मागे हटते. 2024 च्या उन्हाळ्यात साठा वजा 50 टक्क्यांच्याही खाली गेला होता. अशा वेळी पळसदेवचे जुने पळसनाथ मंदिर पाण्यातून वर येते, लोक ते पाहायला गर्दी करतात, वर्तमानपत्रांत फोटो छापून येतात. त्याच दिवसांत मासेमारी करणारे कुटुंब आपली झोपडी उचलून पाण्यामागे जात असते. पावसाळ्यात शाळेपासून अर्ध्या किलोमीटरवर असलेली झोपडी एप्रिलमध्ये दोन-तीन किलोमीटरवर गेलेली असते. रस्ता म्हणजे गाळातली पायवाट. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी एवढे अंतर शाळा सुटायला पुरेसे असते.

ऊसतोडीत हेच वेगळ्या तऱ्हेने घडते. एका फडातला ऊस संपला की टोळी दुसऱ्या शिवारात जाते. कारखाना तोच असतो, तालुका तोच असतो, पण जवळची शाळा बदलते.

दोन पंचांगे जुळत नाहीत

शाळेचे वर्ष जूनच्या मध्याला सुरू होते आणि एप्रिलच्या अखेरीस संपते. ऊसतोडीचे वर्ष ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होते आणि मार्चच्या आसपास संपते. तोडणी कामगाराचे मूल जूनमध्ये गावच्या शाळेत बसते, पहिले सत्र पुरे करते, दिवाळीच्या सुट्टीत आईबापांबरोबर निघते आणि परीक्षेच्या तोंडावर परतते. मधले चार-पाच महिने, म्हणजे जवळजवळ अख्खे दुसरे सत्र, त्याच्या हातून जाते. भागाकार, अपूर्णांक, जोडाक्षरे, परिच्छेद वाचन या गोष्टी नेमक्या याच काळात शिकवल्या जातात.

एका वर्षाचे सत्र बुडाले तर भरून काढता येते. तीन-चार वर्षे सलग बुडाले की पाचवीतले मूल दुसरीचे पुस्तक वाचताना अडखळते, वर्गात लाजते आणि पुढच्या हंगामात हौसेने उसाच्या फडात जाते. तिथे त्याला काम असतेच. वाढे गोळा करायचे, बैलांना पाणी दाखवायचे, धाकट्याला सांभाळायचे. मोळी बांधता आली की ते निम्मे मजूर झालेले असते. गळतीचा हा प्रवास हळूहळू होतो. म्हणूनच तो कुठल्याच एका दिवशी कुणाच्या नजरेत भरत नाही.

कायदा काय सांगतो?

मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा 2009 मध्ये संमत झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. 6 ते 14 वयाच्या प्रत्येक मुलाला तो लागू आहे. स्थलांतरित मुलांच्या बाबतीत पालकांना आणि शाळांना पडणारे नेहमीचे प्रश्न आणि कायद्याची उत्तरे अशी आहेत.

*नोव्हेंबरमध्ये प्रवेश मिळतो का?* मिळतो. प्रवेशाची मुदत संपल्यानंतर आलेल्या मुलालाही नाकारता येत नाही. कायद्याच्या कलम 15 मध्ये हे स्पष्ट लिहिले आहे.

*शाळा सोडल्याचा दाखला नसेल तर?* तरीही प्रवेश द्यावा लागतो. कलम 5 प्रमाणे दाखला यायला उशीर झाला, हे प्रवेश लांबवण्याचे किंवा नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. उलट जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकाने मागितल्याबरोबर दाखला द्यायचा आहे. उशीर केल्यास त्याच्यावर कारवाईची तरतूद आहे.

*जन्माचा पुरावा नसेल तर?* कलम 14 प्रमाणे वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही.

*मूल दोन वर्षे शाळेतच गेले नसेल तर कुठल्या वर्गात बसवायचे?* वयाप्रमाणे. नऊ वर्षांचे मूल पहिलीत नव्हे, तर त्याच्या वयाच्या वर्गात बसते. मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी त्याला विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क कलम 4 देते. असे मूल चौदा वर्षांचे झाले तरी प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत त्याचे शिक्षण मोफतच राहते.

*शाळा किती अंतरावर हवी?* महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी 1 किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी 3 किलोमीटरच्या आत. तशी शाळा नसेल तर वाहतुकीची सोय करण्याची जबाबदारी शासनावर येते.

*जबाबदारी नेमकी कुणाची?* कलम 9 मध्ये स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल याची खात्री करणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य म्हणून वेगळे नोंदवले आहे. याचा साधा अर्थ असा की, बीडचे मूल इंदापूरच्या हद्दीत आले की त्याच्या शिक्षणाची जबाबदारी इथल्या यंत्रणेची.

बदली होऊन आलेल्या नोकरदाराचे मूल डिसेंबरमध्ये शाळेत दाखल होते, तेव्हा कुणाला त्यात वावगे वाटत नाही. बाप साहेब असो की कोयता, कायदा त्या मुलाला आणि कोपीतल्या मुलाला एकच मानतो.

मग घोडे अडते कुठे?

अडचण कायद्यात नाही, मोजणीत आहे.

शाळेला किती शिक्षक मिळणार हे संचमान्यतेवर ठरते आणि संचमान्यता 30 सप्टेंबरच्या पटावर होते. ऊसतोडीची मुले त्या दिवशी आपल्या गावच्या पटावर असतात. ती बारामती-इंदापुरात पोहोचतात त्यानंतर. त्यामुळे दोन शिक्षकी शाळेत नोव्हेंबरमध्ये पंधरा-वीस मुले वाढली, तरी शिक्षक दोनच राहतात. त्यात एखादा प्रशिक्षणाला वा निवडणुकीच्या कामाला गेला की एकच उरतो. चार इयत्ता एका खोलीत सांभाळणाऱ्या गुरुजींना नव्या मुलांबद्दल माया नसते असे नाही. त्यांच्या हाताला बळ नसते.

दुसरीकडे, मूळ गावच्या शाळेलाही मूल सोडावेसे वाटत नाही. ऑनलाइन नोंदीतून मूल दुसऱ्या शाळेकडे गेले की पट घटतो. पट घटला की शिक्षकाचे पद धोक्यात येते आणि लहान शाळा असेल तर शाळाच. शिवाय मूल एप्रिलमध्ये परतणारच आहे. मग त्याचे नाव तिथेच ठेवलेले सोयीचे पडते.

परिणाम असा की, मूल कागदावर बीडच्या वाडीत शिकत असते आणि प्रत्यक्षात इंदापूरच्या फडात असते. पाठवणाऱ्या तालुक्याच्या अहवालात ते शाळाबाह्य नसते, कारण त्याचे नाव पटावर आहे. येणाऱ्या तालुक्याच्या अहवालातही नसते, कारण ते इथले नाही. दोन्ही अहवाल खरे असतात आणि मूल दोन्हींतून निसटते.

उजनीच्या काठावर याची आणखी एक तऱ्हा आहे. तिथल्या काही मुलांचे नाव कुठल्याच पटावर नसते. कुटुंब वर्षानुवर्षे पाण्यामागे फिरते, रेशनकार्ड एका जिल्ह्यात, आधारवरचा पत्ता दुसऱ्या, झोपडी तिसऱ्या. गावची शाळाबाह्य मुलांची पाहणी गावठाणात आणि वाड्या-वस्त्यांवर होते. पाणलोटात उतरून झोपड्या मोजायला कोण जाणार?

भाषेचीही अडचण आहे, आणि ती फार कमी बोलली जाते. कातकरी मूल घरी कातकरी बोली बोलते. तांड्यावरून आलेले बंजारा मूल गोरमाटी बोलते. शिक्षकाने विचारलेला प्रश्न कळला नाही म्हणून ते गप्प बसते आणि आपण त्याला मठ्ठ समजतो. वर्गात त्याला पहिले दोन आठवडे नुसते बोलू द्यायला हवे, लिहायला नंतर लावता येते.

गावाकडे ठेवावे की बरोबर आणावे?

या प्रश्नाचे एकच उत्तर नाही. शासनाने दोन्ही वाटा ठेवल्या आहेत.

गावाकडे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे. आईवडील तोडीला गेले की मूल गावातच राहते, जेवणाची व्यवस्था होते आणि शाळा सुटत नाही. याशिवाय ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी 2021 मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आली. दहा जिल्ह्यांतल्या 41 तालुक्यांत मिळून 82 वसतिगृहे, प्रत्येक तालुक्यात मुलांसाठी एक आणि मुलींसाठी एक, अशी तिची आखणी आहे. पाचवीच्या पुढच्या, स्वतःचे आवरू शकणाऱ्या मुलासाठी ही वाट सगळ्यांत चांगली. अभ्यास मोडत नाही, मैत्र तुटत नाही.

पण सहा वर्षांच्या पोराला वसतिगृहात ठेवायला कुठल्या आईचे मन धजावेल? घरी आजी-आजोबा असतील तर निभावते. नसतील तर मूल बरोबरच येणार. वयात येणाऱ्या मुलीला मागे ठेवण्याची धास्ती वेगळी असते. त्या धास्तीपोटी आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो या हिशेबापोटीही अनेक मुलींची लग्ने अठरा वर्षांच्या आत उरकली जातात. शाळेत असलेल्या मुलीचे लग्न लांबते, हे गावोगावच्या शिक्षकांना अनुभवाने ठाऊक आहे. म्हणजे मुलीच्या बाबतीत शाळेचा हा प्रश्न तिच्या सगळ्या आयुष्याचा होतो.

आणि काठावर कायम राहणाऱ्या मासेमार कुटुंबाला तर मागे सोडायला गावच नसते. त्यांच्यासाठी वसतिगृहापेक्षा जवळची, वर्षभर चालणारी शाळा हेच उत्तर.

पूर्वी कारखान्यांच्या आवारात आणि फडांजवळ साखरशाळा चालत. अनेक संस्थांनी त्यासाठी कष्ट घेतले. शिक्षण हक्क कायद्यानंतर भर बदलला आणि अशा मुलांना नियमित शाळेतच बसवावे असे ठरले. तत्त्व म्हणून ते योग्य आहे. कोपीतल्या मुलाने गावच्या मुलाशेजारी बसावे, त्याच्याच ताटात पोषण आहार घ्यावा, यात गैर काय? फक्त साखरशाळा मुलांच्या दाराशी येत असे आणि गावची शाळा फडापासून दूर असते. हे मधले अंतर कोण भरून काढणार, हे मात्र नीट ठरले नाही.

पाण्याकाठचा धोका

काठावर मुलांसह राहायचे तर पाण्याची भीती बाळगावीच लागते. 21 मे 2024 रोजी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. त्यात लहान मुलेही होती. रस्त्याने मोठा वळसा पडतो म्हणून या भागातली माणसे वर्षानुवर्षे होडीने ये-जा करत आली आहेत.

मुलाला होडीने शाळेत पाठवण्याची वेळ येऊ नये, हे पहिले. येत असेल तर लाइफ जॅकेट अंगात असल्याखेरीज होडी सुटता कामा नये. मे-जूनच्या वळवाच्या दिवसांत दुपारनंतर पाण्यावर जाणे टाळायलाच हवे. शाळेच्या वेळात काठावर एकटे राहणारे मूल सगळ्यांत जास्त धोक्यात असते, कारण आईबाप जाळ्यात गुंतलेले आणि मोठी बहीण धाकट्यांत. ते मूल वर्गात असेल, तर निदान तेवढा वेळ कुणाच्या तरी नजरेखाली असते. फडातही हेच. उसाने भरलेल्या ट्रॉलीखाली, बैलगाडीच्या चाकाशी, पाचटाला लागलेल्या आगीजवळ मूल नको असेल, तर ते शाळेत हवे.

पालकांनी काय करावे?

*निघण्यापूर्वी:* शाळेत जाऊन मूल किती महिन्यांसाठी आणि कुठे जाणार ते सांगा. शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. मूल कुठल्या इयत्तेत आहे आणि त्याला काय येते याची नोंद त्यावर असते आणि ते दाखवून दुसऱ्या शाळेत बसता येते. मुलाचे आधार, प्रगतिपुस्तक आणि शाळेच्या 11 अंकी यू-डायस क्रमांकाचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. मुख्याध्यापकांचा नंबर जतन करा. पाठ्यपुस्तके सामानात घ्या.

*पोहोचल्यावर:* पहिल्याच आठवड्यात मुलाला घेऊन जवळच्या जिल्हा परिषद शाळेत जा. कागद नसले तरी जा. एकाच कोप्यांच्या तळावरची चार-पाच कुटुंबे मिळून गेलात तर मुलांना ये-जा करायला सोबत होते. धाकटे मूल सहा वर्षांच्या आतले असेल तर त्याचे नाव अंगणवाडीत घाला. अनेकदा त्याला सांभाळण्यासाठीच थोरल्या बहिणीची शाळा सुटते.

*नकार मिळाल्यास:* वाद घालू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच मागा. त्यानंतर केंद्रप्रमुख, मग बारामती वा इंदापूर पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी. मुलाकडून सक्तीने काम करून घेतले जात असेल, ते संकटात असेल, तर 1098 या क्रमांकावर फोन करता येतो. तो मोफत आहे.

*रेशनचे:* मूळ गावच्या कार्डावर राज्यात कुठल्याही रास्त भाव दुकानात धान्य घेता येते. त्यासाठी घरातले कुणी गावी ठेवण्याची गरज नाही.

*परतताना:* इथल्या शाळेतून हजेरीची आणि मूल्यमापनाची नोंद हमी कार्डावर करून घ्या. तेवढ्या नोंदीमुळे गावच्या शिक्षकाला मूल कुठपर्यंत पोहोचले ते कळते.

व्यवस्थेने काय करावे?

पालकांना यादी देऊन मोकळे होणे सोपे आहे. पहाटे चारला फडात उतरणाऱ्या आणि रात्री गाडी भरणाऱ्या माणसाने केंद्रप्रमुखांच्या कार्यालयाचा पत्ता शोधावा, ही अपेक्षाच मुळी उफराटी आहे. म्हणून पुढच्या चार गोष्टी व्यवस्थेकडून हव्यात.

पहिली, दुसरी मोजणी. ज्या तालुक्यांत हंगामी कुटुंबे येतात, तिथे डिसेंबरअखेर पटाची वेगळी गणना व्हावी आणि वाढलेल्या मुलांच्या प्रमाणात हंगामापुरता शिक्षक मिळावा. कायद्याने पहिली ते पाचवीसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. ते प्रमाण 30 सप्टेंबरला पाळायचे आणि 30 डिसेंबरला विसरायचे, असे कायद्यात कुठेही लिहिलेले नाही. त्याचबरोबर, हंगामापुरते मूल दुसरीकडे बसले म्हणून मूळ शाळेचा पट कमी धरला जाऊ नये. म्हणजे तिथल्या शिक्षकालाही मुलाची खरी जागा सांगायला भीती वाटणार नाही.

दुसरी, कारखान्याची यादी. कारखान्यात येणारे उसाचे प्रत्येक वाहन काट्यावर जाते. कुठल्या मुकादमाची टोळी कुठल्या गटात, कुठल्या शिवारात उतरली हे शेती विभागाला ठाऊक असते. त्याच नोंदीत मुलांची संख्या आणि वये असा एक रकाना वाढवला आणि ती यादी दर पंधरवड्याला पंचायत समितीकडे गेली, तर शिक्षकाला मुले शोधत फिरावे लागणार नाही. उसाचा हिशेब किलोपर्यंत लागतो, तर मुलांचा हिशेब डोक्यापर्यंत लागायला हरकत नसावी. काठावर हेच काम मासळीचा ठेका घेणारे आणि होडीमालक यांच्याकडून करून घेता येईल.

तिसरी, पैसा. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळलेल्या उसावर टनामागे 10 रुपये घेण्याचे ठरले आहे. एखाद्या कारखान्याने हंगामात 10 लाख टन ऊस गाळला तर एका कारखान्याचेच 1 कोटी रुपये होतात. त्यातला एक लहान वाटा ज्या तालुक्यात मुले मुक्कामाला आहेत तिथल्या हंगामी शिक्षकांवर आणि ने-आण करणाऱ्या वाहनावर खर्च झाला, तर कल्याण हा शब्द मुलांच्या वाट्याला दिसेल असा येईल.

चौथी, काठाची पाहणी. शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण पाणी भरलेले असताना एकदा आणि ओसरल्यावर एकदा व्हावे. वस्ती जिथे सरकते तिथे शिक्षण स्वयंसेवक सरकू शकतो. पूर्वी साखरशाळेला जे जमत होते, ते नियमित शाळेची शाखा म्हणून जमवणे अवघड नाही.

आक्षेप आणि उत्तर

यावर नेहमीचा आक्षेप असा की, बाहेरच्या मुलांमुळे इथल्या मुलांच्या अभ्यासावर परिणाम होतो. शिक्षक वाढला नाही तर तसे होईल, हे खरेच आहे. म्हणूनच शिक्षक वाढवायचा. ज्या शाळांना पट टिकवण्याची चिंता आहे, त्यांच्यासाठी ही मुले ओझे नसून आधार ठरू शकतात. पण ती मोजली गेली तरच.

दुसरा आक्षेप असा की, पालकांनाच शिक्षणाची आस्था नाही. उचल फेडण्यासाठी घरदार सोडून निघालेला माणूस पोराच्या हातीही कोयता यावा म्हणून निघत नाही. उचल अंगावर असताना त्याच्याकडे निवड फारशी नसते, इतकेच. शाळेत बसलेले मूल दुपारी जेवते, सुरक्षित असते आणि संध्याकाळी वाचून दाखवते, हे एकदा दिसले की आस्था शिकवावी लागत नाही.

बारामती आणि इंदापूरची आजची संपन्नता ऊस आणि पाण्यावर उभी आहे. 1885 च्या सुमारास नीरा डावा कालवा आला, तेव्हापासून इथल्या दुष्काळी माळावर हळूहळू हिरवळ चढली. पुढे कारखाने आले, उजनीचे पाणी आले, मासळीचे बाजार उभे राहिले. तो ऊस तोडणारे आणि ती मासळी पकडणारे हात मात्र बऱ्याच अंशी बाहेरून आलेले आहेत. त्यांच्या कामाचे मोल टनावर आणि किलोवर ठरते. त्यांच्या मुलांचा हक्क मात्र टनावर ठरत नाही. तो कायद्याने आधीच ठरला आहे.

या हंगामात दोन्ही तालुक्यांच्या पंचायत समित्यांनी एवढे जरी केले, की प्रत्येक शाळेच्या दारावर ‘दाखला नसला तरी प्रवेश मिळेल’ अशी पाटी मराठीत, ठळक अक्षरांत लावली आणि डिसेंबरअखेर मुले मोजली, तरी सुरुवात होईल. पाटी वाचता न येणाऱ्या आईला ती तिच्या मुलाने वाचून दाखवावी, यासाठीच तर हा सगळा खटाटोप.